लायनरला तेल लागू देऊ नये

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, जुनी मोटारसायकल घेतलीय. मागचा ब्रेक दाबला की किंचाळते. आजोबा अशा वेळी काय करायचे?" मी एवढंच म्हणाले, "काहीही कर, पण त्यात तेल घालू नकोस," आणि जेवलास का विचारून विषय बदलला. तू हसलास. तुझी बहीण मागून ओरडली, "आजीने गॅरेज काढलंय!"

गॅरेज काढलेलं नाही. पण ब्रेकबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी कसं शिकले, हे तुमच्या आईखेरीज आता कोणालाच माहीत नाही, आणि तिलाही अर्धंच. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही जड नव्हतं, जन्मभर शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. पण या प्रकरणात मी माझ्या इंग्रजीच्या आड बरेच दिवस लपले होते, म्हणून मराठीत लिहिते. हळूहळू वाचा.

आधी ती वस्तू समजून घ्या. तेव्हाच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध एक पोकळ डबा असे. त्याला ड्रम म्हणतात. डब्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे समोरासमोर बसवलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर एक खरबरीत पट्टी चिकटवलेली असते. पुस्तकात त्या तुकड्यांना 'शू' म्हटलंय, पट्टीला 'लायनिंग'; ठाण्यात सगळे मिळून त्याला लायनर म्हणत. पायाने ब्रेक दाबला की हे दोन तुकडे फाकतात आणि डब्याच्या भिंतीला आतून घासतात. त्या घासण्यानेच चाक थांबतं. घासणं गेलं की ब्रेक गेला. इतकी साधी गोष्ट आहे. पण ती मला त्या खंडेनवमीला माहीत नव्हती.

आम्ही तेव्हा ठाण्यात, बाळकुमला राहायचो. ऐंशीचं दशक संपत आलेलं होतं. भाताच्या खाचरांच्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. माझी शाळा नौपाड्यात. आजोबांकडे शंभर सीसीची, लाल टाकीची मोटारसायकल होती आणि तिला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा घरातला नियम होता. मी मागे बसायची तीसुद्धा त्यांनी "बस" म्हटल्यावर.

माझ्या माहेरी, नौपाड्यातच, खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक यंत्राला तेल घालायची पद्धत होती. पूजा नंतर. आधी तेल. माझे वडील म्हणत, "नुसतं हळदकुंकू लावून यंत्र चालत नाही." शिवणयंत्र, कुलपं, दाराच्या बिजागऱ्या, अडकित्ता, कात्री, सगळ्यांना एकेक थेंब. लग्नानंतर ही पद्धत मी माझ्याबरोबर आणली, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी तिची यादी केली. एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. दर वर्षी एक पान. वस्तूचं नाव, किती थेंब, पुढे खूण. त्या वर्षी यादीत शेवटी एक नवीन वस्तू लिहिली: 'मोटारसायकल, मागचं चाक.'

कारण ते किंचाळत होतं. पंधरा दिवसांपूर्वीच आजोबांनी नाक्यावरच्या मेकॅनिककडून नवे लायनर बसवून घेतले होते आणि तेव्हापासून ब्रेक दाबला की चीं असा आवाज यायचा. नवे लायनर कधीकधी असा आवाज करतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बिजागरी चीं करते तेव्हा तिला तेल हवं असतं.

आजोबा आंघोळीला गेले होते. गाडी डबल स्टँडवर होती, म्हणजे मागचं चाक जमिनीपासून उचललेलं. मी शिवणयंत्राच्या तेलाची लांब चोचीची डबी घेऊन गेले. चाक हाताने फिरवलं, ब्रेकची दांडी दाबून पाहिली, आवाज नेमका कुठून येतो ते कान लावून शोधलं. ड्रम आणि त्याचं झाकण यांच्यामध्ये बारीक फट असते. चोच तिथे बरोबर बसली. आधी चार थेंब घातले. आवाज थोडा कमी झाला. मग डबीचं बूड पाच-सहा वेळा दाबलं. चाक फिरवलं, दांडी दाबली. अगदी गप्प. वहीत 'थेंब' या रकान्यात 'चार' असं लिहिलेलं होतं. मी खरं बोलणारी बाई, त्यापुढे कंसात 'आणि थोडं जास्त' असं लिहिलं आणि खूण केली.

आजोबांना सांगितलं नाही. नियम मोडला होता ना. आणि थोडं असंही वाटलं की आवाज थांबल्याचं त्यांच्या आपणहून लक्षात येईल, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी चार वाजता आजोबा आपट्याची पानं घेऊन मोठ्या बहिणीला सोनं द्यायला कोपरीला निघाले. मला म्हणाले, "तू राहा, घरी कोणी येईल." निघताना ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "आवाज गेला गं! म्हटलं नव्हतं, चालवली की बसतो." मी हसले. सांगायची ती वेळ होती.

वाटेत जोरात ब्रेक दाबायची वेळच आली नाही. कोपरीच्या पुलाच्या उतारावर पुढे एक भाजीची हातगाडी आडवी आली. आजोबांचा पाय ब्रेकवर गेला, दांडी खाली गेली, पण चाक थांबेना. पुढचा ब्रेक ते कधी वापरत नसत. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो असं त्या वेळी सगळेच म्हणायचे. शेवटी घाबरून तोही दाबला, आणि गाडी आडवी झाली. हातगाडीवाला वाचला. आजोबांच्या उजव्या पायाची नडगी मोडली.

मला निरोप आला तेव्हा मी दारात रांगोळी पुसट झाली म्हणून पुन्हा भरत होते. निरोप आणणारा शेजारी म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, पाय आहे फक्त. ब्रेक लागला नाही म्हणतायत." हातातली रांगोळी खाली ठेवायच्या आधीच मला कळलं होतं.

आता मेकॅनिकबद्दल सांगते, कारण या गोष्टीत खरं नुकसान त्याचं झालं. तो बाळकुमचाच. आमच्या इमारती ज्या शेतावर उभ्या होत्या ते त्याच्या चुलत्यांचं होतं. ते विकलं गेल्यावर रस्त्याकडेला राहिलेल्या पट्टीत त्याने पत्र्याची शेड टाकली होती. एकटाच काम करायचा. तोंडाने फटकळ, पण हात चांगला. आमच्या आवारातल्या साऱ्या मोटारसायकली त्याच्याकडे जायच्या.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तो घरी आला. आजोबा पलंगावर, पाय प्लॅस्टरमध्ये. पडलेली गाडी लोकांनी त्याच्याच शेडमध्ये आणून टाकली होती. मेकॅनिकने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं होतं. उघडलं तर लायनर.

"सायेब, ह्ये बघा."

"मी काय बघू? तू माझा पाय बघ."

"पाय दिसतोय, म्हनून तर आलो. ह्यो लायनर तेलानं भिजलाय. ग्रीस नाय, तेल. पातल तेल. ब्रेकच्या कामाला मी तेलाला हातच लावत नाय."

"मग काय आकाशातून पडलं?"

"त्येच इचारतोय. गाडीला कोनी हात लावलेला?"

"माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही," आजोबा म्हणाले. "तुझेच हात असतात कोपरापर्यंत बरबटलेले. त्याच हातांनी बसवलेस. वर मला विचारतोस?"

मी चहा घेऊन आले होते. मेकॅनिक माझ्याकडे वळला आणि तो तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाला, "वयनी, तुमी शिकलेल्या. तुमीच वास घ्या. ह्यो ग्रीसचा वास हाय का?"

मी वास घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती. कोपऱ्यात माझं शिवणयंत्र होतं, त्याच्या खणात ती डबी होती, आणि तिचा गोडसर वास खोलीत आधीच पसरला होता, निदान मला तरी येत होता.

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणाले.

बाळांनो, माझ्या आयुष्यात मी हे वाक्य कधी वापरलं नव्हतं. बायका ते वापरायच्या तेव्हा मला राग यायचा. शाळेत मुलींना मी सांगायची, "मला कळत नाही म्हणू नका, मला शिकवा म्हणा." आणि त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की जणू पिढ्यान् पिढ्या ते तिथे तयार ठेवलेलं होतं. मेकॅनिकने लायनर पुन्हा कागदात गुंडाळला आणि चहा न घेता गेला.

पहिल्या दिवशी खरं सांगणं अवघड होतं. आठ दिवसांनी ते दुप्पट अवघड झालं, कारण तोवर आजोबांनी पलंगावरून साऱ्या आवाराला कथा सांगितली होती. जो बघायला येई त्याला, "नवे लायनर, पंधरा दिवस नाही झाले, आणि ग्रीसच्या हातांनी बसवले त्या गाढवाने." लोक चुकचुकत. एकेक करून मोटारसायकली दुसऱ्या गॅरेजकडे जायला लागल्या. आता मी बोलले असते तर फक्त माझी चूक उघडी पडली नसती, आजोबाही खोटे पडले असते. हे मी स्वतःला कारण म्हणून सांगत असे. त्यांची अब्रू सांभाळते आहे असं म्हटलं की गप्प बसणं पतिव्रतेचं काम वाटायचं.

आमच्या आवारातून बसथांब्याला जायला एकच रस्ता होता आणि तो शेडवरून जायचा. सकाळी जाताना आणि दुपारी येताना. शेडमध्ये पूर्वी चार-पाच गाड्या उभ्या असत; आता एखादी, कधी तीही नाही. तो फळीवर बसून बिडी ओढत असे आणि मला पाहिलं की मुद्दाम मोठ्याने म्हणे, "या वयनी, शाळा सुटली का?" मी उन्हाचं निमित्त करून छत्री त्या बाजूला धरायची. ढगाळ दिवशीसुद्धा. तुमची आई तेव्हा सातवीत होती. एकदा तिने विचारलं, "आई, ऊन तर दुसरीकडून येतंय." मी तिला गप्प बस म्हटलं.

प्लॅस्टर निघालं, आजोबा लंगडत का होईना चालायला लागले, आणि त्यांनी जाहीर केलं, "यापुढे गाडी कोणाच्या हातात द्यायची नाही. ब्रेक मी घरी करणार." गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं. ते मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी वाचायचे, पण यंत्राचं इंग्रजी त्यांना अडायचं. पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू वाच. मी करतो."

तर एका रविवारी सकाळी इमारतीच्या पुढच्या फरशीवर पोतं पसरलं, पाने मांडले, आणि मी स्टुलावर बसून वाचायला लागले. इंग्रजीत वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत मोठ्याने सांगायचं. नट सैल करा. ब्रेकची दांडी सोडवा. चाक मागे ओढून काढा. झाकण उचला. आजोबा अगदी पुस्तकाप्रमाणे करायचे, एक पायरी पुढे नाही, मागे नाही. आणि मग ती ओळ आली. ठळक अक्षरांत, चौकटीत. लायनरला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. ब्रेक निकामी होऊन अपघात होऊ शकतो.

मी ती ओळ गाळली.

"पुढे?" आजोबा म्हणाले.

"ज्या खुंटीवर शू फिरतात तिला अगदी थोडं ग्रीस लावा."

त्यांनी बोटाने ग्रीस लावलं, आणि त्याच बोटांनी लायनर उचलला. अंगठा बरोबर त्या खरबरीत पट्टीवर. काळा, चकचकीत ठसा उमटला. सोमवारी ते तुमच्या आईला मागे बसवून शाळेत सोडणार होते.

"अहो, हात पुसा," मी म्हणाले.

"का?"

"पुसा ना."

"पुस्तकात आहे का? पुस्तकात असेल तर पुसतो."

"आहे."

"मग वाच."

मी वाचलं. पूर्ण वाचलं. आजोबा हातात लायनर धरून थांबले. मला वाटलं, आता ते विचारतील की ही ओळ आधी का नाही वाचलीस. क्षणभर तसं व्हावं असंही वाटलं. ते म्हणाले, "बघ! चौकटीत छापलंय. आणि तो गाढव मला विचारतो, तेल कोणी टाकलं! त्याने पुस्तक उघडून तरी पाहिलं असेल का?"

आवारातले दोन-तीन गृहस्थ दात घासत बघायला उभे होते. आजोबांनी मला त्यांनाही ती ओळ पुन्हा वाचून दाखवायला लावली. खरी ओळ मी वाचली, आणि तिच्यामुळे खोट्यालाच बळकटी आली. लायनर पॉलिश पेपरने घासला, चाक बसवलं. शेवटची पायरी म्हणजे पायाची दांडी थोडी मोकळी ठेवायची. इंग्रजीत त्याला 'फ्री प्ले' म्हणतात. ब्रेक लागायच्या आधी दांडी साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी नुसतीच खाली जायला हवी. मी 'मोकळीक' असं भाषांतर केलं. आजोबांना ते पटेना. "मोकळीक कशाला? मोकळीक होती म्हणून तर पाय मोडला." त्यांनी नट पूर्ण आवळला. चाक हाताने फिरवलं तर फिरेना. "पुस्तकात आहे," मी म्हणाले. मग नाइलाजाने सैल केला. मोकळीक नसली तर लायनर सतत घासत राहतात, ड्रम तापतो, आणि एक दिवस चालत्या गाडीचं चाक जागच्या जागी धरतं. हेही पुस्तकात होतं. ते वाचताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आम्ही कबूल आहोत."

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी हा कार्यक्रम ठरलेला. बघ्यांची संख्या वाढली, काहीजण आपलीही गाडी आणू लागले. आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "ती चौकटीतली ओळ मराठीत, ठसठशीत अक्षरांत लिहून दे. नोटीस बोर्डावर लावतो. लोकांना कळू दे."

मी नाही म्हणू शकत होते का? कारण काय देणार होते? स्केचपेनने मी लिहिलं: 'लायनरला तेल लागू देऊ नये.' माझं अक्षर शाळेत फळ्यावर नावाजलेलं. खाली आजोबांनी स्वतःच्या हाताने जोडलं, 'अनाडी हातांपासून सावध राहावे.' कोणाबद्दल ते सगळ्यांना कळत होतं.

तो कागद जिन्याजवळ काचेच्या पेटीत होता. घरातून बाहेर पडायचं तर त्याच्यासमोरून, रस्त्याला लागायचं तर शेडसमोरून. शाळेत पोचेपर्यंत माझा श्वास मोकळा होत नसे, आणि दुपारी पुन्हा उलटा क्रम. निळी वही मी जाळू शकले असते. पण एखाद्या वर्षाचं पान फाडून वही ठेवायची, हे मला जमणारं नव्हतं. ती कपाटात, पुस्तकांखाली, जशीच्या तशी.

एक दिवस पाण्याच्या टँकरच्या काहीतरी कामाने मेकॅनिक आवारात आला. मी जिन्यात होते. तो बोर्डापुढे उभा राहून वाचत होता. वाचून झाल्यावर मागे न वळता म्हणाला, "वरचं अक्षर वयनींचं हाय ना? झ्याक हाय." आणि गेला.

पुन्हा नवरात्र आलं. खंडेनवमीला सकाळी मी वही काढली. नवं पान उघडण्याआधी जुनं समोर आलं. यादीत शेवटी माझ्याच अक्षरात, 'मोटारसायकल, मागचं चाक. थेंब: चार (आणि थोडं जास्त).' पुढे खूण. मी खूप वेळ त्या कंसाकडे बघत बसले. वर्षभरात मी इतरांना एवढं वाचून दाखवलं, आणि हे एक कोणाला दाखवलं नव्हतं.

आदल्या दिवशीच कानावर आलं होतं की मेकॅनिक शेड मोडून डोंबिवलीला कोणाच्या तरी गॅरेजात पगारी नोकरीला जाणार आहे. मी पायात चपला घातल्या आणि वही घेऊन निघाले. छत्री घेतली नाही.

शेडमध्ये त्याने पाने, पंप, हातोडी एका पाटावर ओळीने मांडून झेंडू वाहिले होते. मी वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने आधी हात पुसले, मग वही घेतली. सावकाश वाचलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"थोडं जास्त," तो म्हणाला. "किती जास्त?"

"पाच-सहा वेळा दाबलं."

"मना वाटलेलंच. शिलाई मशीनचं तेल हाय ते मना त्याच दिवशी समजलेलं. तुमच्या घरात मशीन दिसली ना कोपऱ्यात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी?" तो आता खरंच चिडला. "मी इचारलं नाय तुमाला? नाकाखाली धरला लायनर. तुमी काय बोलल्या? कळत नाय! एवढ्या शिकलेल्या बाईला कळत नाय, मंग माझं कोन ऐकनार?"

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"त्ये मना नका सांगू. मना ठावच होतं. तिथं सांगा जितं कागद लावलाय." त्याने वही मिटून परत दिली आणि हातोडीवरचं फूल उगाच सरळ केलं.

घरी आले तेव्हा आजोबा गाडी पुसत होते. हार तयार होता. मी वही त्यांच्या हातात दिली आणि उभी राहिले. त्यांनी वाचलं, पान उलटून मागचं पाहिलं, पुन्हा वाचलं.

"हे तू?"

"हो."

"आणि वर्षभर मला वाचून दाखवत होतीस."

"हो. पहिल्या दिवशी ती ओळ मी गाळलीसुद्धा होती. तुम्ही अंगठा लावलात म्हणून वाचली."

पाय मोडल्याबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही. वाचून दाखवण्याबद्दल बोलले. हार तसाच हँडलवर टाकून आत गेले. मी त्यांच्या खुंटीवरून बोर्डाच्या पेटीची किल्ली घेतली, त्यांनी पाहिलं, अडवलं नाही. त्याच स्केचपेनने नवा कागद लिहिला: 'गेल्या खंडेनवमीस आमच्या मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकमध्ये शिवणयंत्राचे तेल मी घातले होते. लायनर बसवणाऱ्याची काहीही चूक नव्हती.' खाली माझी सही. जुना कागद काढून घडी केली आणि वहीत ठेवली. लोक वाचायला जमले तेव्हा मी तिथेच उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या एक आजीबाई म्हणाल्या, "अगं, मीसुद्धा घातलं असतं."

दसऱ्याला आजोबा माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतरही दोन दिवस नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटारसायकल सुरू न करता, लंगडत, ढकलत नाक्यावर नेली. मी खिडकीतून पाहत होते. पुढचं मला मेकॅनिककडूनच कळलं.

"मागचा ब्रेक जरा बघ रे," आजोबा म्हणाले.

"आज नाय जमायचं. गुरवारी या."

शेडमध्ये एकही गाडी नव्हती. आजोबा "बरं" म्हणाले, गाडी ढकलत परत आले, आणि गुरुवारी पुन्हा घेऊन गेले.

तो डोंबिवलीला गेला नाही. पण दुसऱ्या गॅरेजला गेलेल्या गाड्यांपैकी निम्म्याच परतल्या. लोकांना एकदा वेगळ्या वाटेची सवय लागली की ती सुटत नाही. ते मला कधीच भरून देता आलं नाही. मी शेडवरून जाताना छत्री मिटून जायची आणि दर वर्षी नवरात्र बसलं की तो चार माणसांत हाक मारायचा, "वयनी, खंडेनवमी आली! डबी कुलपात ठेवा!" मी म्हणायची, "कुलपालाच तेल घालायचंय." लोक हसायचे. त्याचा तो हक्क होता.

घरातलं मात्र इतकं सरळ झालं नाही. आजोबांनी इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. रविवारी फरशीवर पोतं पसरून ते एकटेच बसत, ओठ हलवत पुस्तक वाचत, एकेका शब्दाला थांबून कोश उघडत. त्यांची काळी बोटं पानांवर उमटत. मी आतून शब्द सांगू शकले असते. स्टूल जागेवरच होतं. मला कोणी बोलावलं नाही. ज्या वाचनाचा वर्षभर मला फास बसला होता ते सुटलं, आणि घरात मला जास्तच कोंडल्यासारखं झालं.

पुढे आम्ही मोटारसायकल विकली, बाळकुम सोडलं, डोंबिवलीला आलो. तुमच्या आईचं लग्न झालं. नव्वदचं दशक संपता संपता आजोबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थेंब दिले होते. बाटलीच्या खोक्यात घडी घातलेला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा कागद होता. आजोबांनी तो एका डोळ्याने वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे धरला.

"वाच."

मी चष्मा शोधायला लागले.

"सगळं वाच," ते म्हणाले. "गाळू नकोस."

मी सगळं वाचलं. किती थेंब, किती वेळा, बाटलीची चोच कशाला टेकवायची नाही, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारखान्याचा पत्तासुद्धा. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. मी बाटलीचं झाकण उघडलं.

"किती?"

"एक थेंब."

"कंसात काही नाही ना?"

"नाही."

"आधी हात पुस."

मी हात साबणाने धुतले, स्वच्छ पंच्याला पुसले आणि परत आले. आजोबांनी खुर्चीच्या पाठीवर मान टाकली आणि डोळा उघडा धरून ठेवला.